पॅक्सॉसच्या संसदेतले बारकावे

डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसच्या अभ्यासक्रमात ‘पॅक्सॉस’ या, अनेक सर्व्हरांत एकमत घडवणाऱ्या अल्गोरिदमचं नाव हमखास येतं. ते ज्या पेपरातून आलं, तो लेस्ली लॅम्पोर्ट यांचा ‘द पार्ट-टाइम पार्लमेंट’ मात्र बरेच विद्यार्थी न वाचताच पास होतात. त्याच कामाच्या ‘रॅफ्ट’ या अल्गोरिदमवर भागतं. रॅफ्टच्या २०१४ मधल्या पेपरासाठी ऑंगारो आणि औस्टरहाउट यांनी दोन विद्यापीठांतल्या ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही अल्गोरिदम शिकवून चाचणी घेतली, तर ३३ जणांना रॅफ्टचे प्रश्न अधिक चांगले सुटले. निकाल मला मान्य आहे. असाइनमेंट रॅफ्टवरच लिहावी. चवीनं वाचायला मात्र लॅम्पोर्ट.

पॅक्सॉस या ग्रीक बेटावर प्राचीन काळी एक संसद होती आणि तिचे नियम पुरातत्त्वज्ञांना सापडले आहेत, असा आव आणून हा पेपर लिहिलेला आहे. १९९० मध्ये तो पाठवला तेव्हा परीक्षकांनी कळवलं, की काम थोडंफार रंजक आहे, फारसं महत्त्वाचं नाही आणि ती बेटाची भानगड तेवढी काढा. लॅम्पोर्टनी काढली नाही. पेपर छापून आला १९९८ मध्ये, आणि तोवर त्याला टिपा जोडणारे कीथ मार्झुलोही सोंगात सामील झाले होते. हस्तलिखित नियतकालिकाच्या कार्यालयातल्या कपाटामागे सापडलं, लेखक ग्रीक बेटांवर संशोधनात गुंतल्यानं त्यांच्याशी संपर्क होत नाही, अशी त्यांची गंभीर चेहऱ्याची टीप वाचावीच.

या संसदेत आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून सभासद फक्त निरोप्यांमार्फत बोलतात. निरोप्यांना पोटापाण्याचे इतर उद्योग आहेत. एखादा हातातला निरोप न देताच सहा महिन्यांच्या सफरीवर निघतो, एखादा कायमचाच जातो, एखादा निरोप दिल्याचं विसरून तोच पुन्हा देतो. मजकूर मात्र कोणी बिघडवत नाही. हसू ओसरायच्या आत नेटवर्कबद्दलची सगळी गृहीतकं सांगून झालेली असतात, आणि त्यात ‘नेटवर्क’ हा शब्द आलेलाही नसतो.

वहीचंही तसंच. प्रत्येक सभासदाच्या वहीत ठराव न पुसणाऱ्या शाईनं लिहिले जातात. वहीच्या मागच्या बाजूला टिपणं असतात, ती खोडता येतात. शिवाय जवळ एक चिठोरं; सभागृह सोडलं तर ते हरवूही शकतं. लॉग, डिस्कवरच्या बदलत्या नोंदी आणि सर्व्हर कोसळला की जाणारी मेमरी, असे तीन थर तीन वस्तूंत बसवले आहेत. पुढे कुठली गोष्ट कुठे लिहिली जाते यावर नजर ठेवा. एकही नोंद चुकीच्या जागी नाही.

खरा गाभा संसदेच्याही आधीच्या धर्मसभेत आहे. दर १९ वर्षांनी पुरोहित जमतात आणि एकच ठराव निवडतात. प्रत्येक मतदानाला स्वतंत्र क्रमांक, आणि कोणत्याही दोन गणपूर्तींत किमान एक पुरोहित सामाईक. तिसरी अट नजाकतीची. नवं मतदान पुकारणारा आधी गणपूर्तीतल्या प्रत्येकाला विचारतो, याहून कमी क्रमांकाच्या कुठल्या मतदानात तू शेवटचं मत दिलंस? उत्तर देणारा मधल्या क्रमांकांना मत न देण्याचं वचनही देऊन बसतो. आलेल्या उत्तरांत सर्वांत वरच्या क्रमांकाचा जो ठराव, तोच पुढे मांडायचा. कोणीच मत दिलेलं नसेल तरच हवा तो. पेपरातल्या तक्त्यात पाच पुरोहित आहेत आणि २, ५, १४, २७, २९ अशी पाच मतदानं. १४व्यात अल्फा या ठरावाला दोन मतं पडलेली असूनही २७व्यात ५व्यातला बीटा हा ठराव परत येतो आणि मंजूर होतो, कारण २७च्या गणपूर्तीतल्या कोणीच १४व्यात मत दिलेलं नाही. २९व्यात मग बीटाच मांडावा लागतो. सामाईक पुरोहित साक्षीला उभाच असतो. शिवाय क्रमांकांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नव्हे. मोठ्या क्रमांकाचं मतदान आधीही झालेलं असू शकतं. घड्याळाला इतक्या सहज बाहेर बसवलेलं पाहून मी तो तक्ता पुन्हा पुन्हा उघडतो.

एक तक्रार आहे. संशोधकांची नावं ग्रीक लिपीत लपवण्याची हौस ओळखीच्या लोकांना गुदगुल्या करते, नवख्याला नुसती अडखळवते. तरी त्यातूनच डाइक्स्ट्रा नावाचा चीज-निरीक्षक मिळतो. तो फार कडक, म्हणून संसद गौडाला नेमते. पण डाइक्स्ट्राला बातमीच लागत नाही, आणि बाजारात दोन निरीक्षक परस्परविरोधी निर्णय देत फिरतात. उपाय म्हणून नेमणुकीच्या ठरावातच वेळ, तारीख आणि तीन महिन्यांची मुदत घातली जाते. सिस्टीम्सवाले याला ‘लीज’ म्हणतात. बाहेर बसवलेलं घड्याळ इथे आत येतं, तेही गरजेपुरतंच.

सभासद बदलण्याचा अधिकार ठरावांनाच देणं किती धोक्याचं, हे लॅम्पोर्ट संसदेच्या अंतातून दाखवतात. जहाज बुडून मेलेल्या खलाशांच्या सन्मानार्थ ठराव होतो. लेखनिकाच्या चुकीमुळे त्याचा अर्थ होतो, की आता हे खलाशीच काय ते सभासद. गणपूर्ती मृतांचीच, त्यामुळे दुरुस्तीचा ठरावही मंजूर होऊ शकत नाही. कारभार ठप्प. ही संधी साधून जो सेनापती सत्ता बळकावतो, त्याचं नाव लॅम्पसन. प्रत्यक्षात बटलर लॅम्पसन या अल्गोरिदमचं मोल फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी, आणि पेपर छापून येण्याआधीच हा अल्गोरिदम इतरांना शिकवणारे.