टेबलावरची झेलम : एका लढाईच्या फेरमांडणीची चिकित्सा

प्राचीन लढाई टेबलावर पुन्हा मांडून खेळणे हा युरोप-अमेरिकेत चांगला रुळलेला छंद आहे. सैनिकांच्या बोटाच्या पेराएवढ्या रंगवलेल्या प्रतिकृती, मोजपट्टी, फासे आणि नियमपुस्तक एवढी त्याची सामग्री. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ दिवाणखान्यात आणला. इंग्लंडमधली ‘सोसायटी ऑफ एन्शन्ट्स’ १९६५ पासून केवळ प्राचीन आणि मध्ययुगीन युद्धांचा असा अभ्यास करते आहे. आपल्याकडे कुणाला सांगितले की मी हत्ती रंगवतो आहे, तर समोरचा नातवंडांची चौकशी करतो.

खेळ पोरखेळ असेलही. त्याची पूर्वतयारी मात्र साधनग्रंथांची चिकित्सा असते, आणि ती पुष्कळदा विद्वानांच्या चिकित्सेहून निष्ठुर असते. इतिहासकाराला ‘हत्तींची विशाल रांग’ असे लिहून पुढे जाता येते. मांडणाऱ्याला किती हत्ती आणि किती अंतरावर, हे ठरवल्याशिवाय पहिला हत्तीसुद्धा ठेवता येत नाही.

मी घेतलेली लढाई आपल्या शालेय स्मरणातली आहे : इ.स.पू. ३२६, झेलमचा काठ, अलेक्झांडर आणि पोरस. तिच्याविषयी भारतीय साधन एकही नाही. जे आहे ते ग्रीक आणि लॅटिन, आणि तेही घटनेनंतर काही शतकांनी लिहिलेले. एरियन सांगतो : पोरसाचे ३०,००० पायदळ, ४,००० घोडेस्वार, ३०० रथ, २०० हत्ती. डायोडोरस पायदळ ५०,००० च्या वर नेतो, रथ हजारावर आणि हत्ती १३०. कर्टियसकडे हत्ती फक्त ८५. प्लुटार्क पायदळ २०,००० वर आणतो. पानिपतच्या आकड्यांवर ज्यांनी वाद घातले आहेत, त्यांना या गोंधळाचे नवल वाटणार नाही. पण वाद घालणारा ‘मतभेद आहेत’ म्हणून थांबू शकतो. मला मोजपट्टी लावायची होती.

एरियन म्हणतो की हत्ती एकमेकांपासून निदान एका प्लेथ्रॉनवर, म्हणजे सुमारे ३० मीटरवर उभे होते. दोनशे हत्ती म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटरची रांग. माझे टेबल १८० सेंटिमीटर लांब. एका सेंटिमीटरला ४० मीटर धरले तर नुसते हत्तीच १५० सेंटिमीटर खातात, आणि बाजूचे स्वार, रथ अजून यायचे आहेत. आता समोर बघा. अलेक्झांडरबरोबर नदी ओलांडून आलेले पायदळ एरियनच्याच हिशेबाने ६,००० च्या आत-बाहेर. त्यांना आठ-आठच्या खोलीने उभे केले आणि माणशी तीन फूट जागा दिली, तर रांग होते ६७५ मीटरची. टेबलावर सतरा सेंटिमीटर. दीडशेसमोर सतरा! उरलेल्या हत्तींनी काय करायचे? लढाईचे वर्णन सांगते की हत्ती आणि पायदळ एकमेकांना भिडले आणि शेवटी भारतीय सैन्य घेरले गेले. सतरा सेंटिमीटरची पट्टी दीडशेला घेरत नाही. शिवाय पोरसाचे ३०,००० पायदळ सहा किलोमीटरवर पसरले, तर खोली चार-पाच माणसांचीच राहते.

आता कर्टियसचे ८५ हत्ती घ्या आणि पॉलिएनसने दिलेले पन्नास फुटांचे, म्हणजे पंधरा मीटरचे अंतर धरा. रांग १,३०० मीटरच्या आसपास येते. हे सैन्य अलेक्झांडरच्या सैन्याहून मोठे आहे, पण त्याच्याशी लढता येते. एरियन हा सर्वांत विश्वसनीय आणि कर्टियस अलंकारिक, असे आपण वाचत आलो. एरवी ते खरेही असेल. या एका ठिकाणी मी कर्टियसच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण भाषाशास्त्रीय नसून निव्वळ लांबी-रुंदीचे आहे.

त्याच मोजपट्टीने जुन्या वादावरही थोडा उजेड पडतो. अलेक्झांडरने सीनस या सरदाराला स्वारांसह ‘उजवीकडे’ पाठवले, असे एरियन म्हणतो. कुणाच्या उजवीकडे, यावर विद्वानांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. प्लुटार्कच्या मते तो शत्रूच्या उजव्या बगलेवर गेला. सहा किलोमीटरच्या रांगेला वळसा घालून तो वेळेवर पाठीमागे उगवणे घोड्यांना परवडणारे नाही. तेराशे मीटरला वळसा घालून मात्र सहज उगवेल. म्हणजे हत्तींचा आकडा ठरला की सीनसचा मार्गही मोकळा होतो.

पुढचा प्रश्न टेबलावरच्या कापडाचा. एरियनचा पोरस मुद्दाम चिखल टाळून वाळूची, सपाट, टणक जागा निवडतो. कर्टियसची जमीन निसरडी आहे : रथ रुततात, आणि जमिनीवर टेकवून ओढायची लांब भारतीय धनुष्ये नीट टेकत नाहीत. आदल्या रात्री वादळी पाऊस झाला होता. एरियनही पोरसाच्या मुलाचे रथ चिखलात अडकलेले दाखवतो, पण ती चकमक आधीची, नदीजवळची. हा एक निर्णय सगळे बदलतो. कापड कोरडे धरले तर तिरंदाज मारक ठरले पाहिजेत. कारण हाच एरियन आपल्या ‘इंडिका’त सांगतो की भारतीयांचे धनुष्य माणसाएवढे असते आणि त्याच्या बाणापुढे ढाल टिकत नाही, चिलखतही टिकत नाही. मग मुख्य लढाईत हे बाण गेले कुठे? एरियन गप्प आहे. हे मौन मी कितीतरी वेळा वाचून ओलांडले असेन. तिरंदाजांना गुण द्यायची वेळ आली तेव्हाच ते टोचले. अलेक्झांडरच्या हयातीतली म्हणून ओळखली जाणारी जी चांदीची ‘हत्ती नाणी’ आहेत, त्यांतल्या एकावर असाच उंच धनुष्य घेतलेला तिरंदाज आहे. ज्यांनी ही नाणी पाडली त्यांना तरी तो नगण्य वाटला नव्हता. (त्याच मालिकेतल्या मोठ्या नाण्यावर हत्तीवर दोन माणसे दिसतात, अंबारी नाही. तयार प्रतिकृतींवर मिळणारे लाकडी बुरूज मी कापून टाकले.)

माझा खरा आक्षेप नियमपुस्तकांवर आहे. त्यांपैकी बहुतेकांत हत्ती बिथरले की फासा टाकून त्यांची दिशा ठरवतात, आणि ते आपल्याच सैन्यात घुसतात. आपल्याकडच्या ‘हत्तींनी घात केला’ या समजुतीशी ते छान जुळते. पण एरियन नीट वाचला तर क्रम वेगळा दिसतो. आधी पोरसाचे स्वार हरले आणि हत्तींच्या आश्रयाला आले. मग जागा आखडली. माहूत मारले गेले, जखमी जनावरे मित्र-शत्रू न बघता तुडवू लागली. आणि शेवटी ती उधळली नाहीत, तर शत्रूकडे तोंड ठेवून, जहाज मागे वल्हवावे तशी, हळूहळू मागे सरली. ही शिस्त सुटलेल्या पळाची उपमा नव्हे. हरले ते घोडदळ. सेल्युकस त्या दिवशी अलेक्झांडरच्या पायदळाचा एक सेनानी होता. पुढे त्यानेच चंद्रगुप्ताला प्रदेश देऊन ५०० हत्ती घेतले आणि इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणात ते उभे केले. निरुपयोगी वस्तूची अशी किंमत कोण मोजतो?

दुसरी खोच सैन्याच्या दर्जाची. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले माजी प्राध्यापक फिलिप सेबिन यांच्या ‘लॉस्ट बॅटल्स’ (२००७) या पुस्तकात प्राचीन लढायांना एकच पद्धत लावून सैन्यांची तुलना केली आहे. लढाईचा ज्ञात निकाल जुळेल असे सैन्याचे मूल्य त्यात ठरवले जाते. सेबिन हे उघडपणे सांगतात, म्हणून तक्रार नाही. पण ही रीत बेमालूमपणे उचलली की भारतीय पायदळ ‘कनिष्ठ’ ठरते कारण ते हरले, आणि खेळात ते हरते कारण कनिष्ठ आहे. निकाल ज्याने लिहून ठेवला त्याचे मृतांचे आकडे तरी पाहा : एरियनकडे पोरसाचे जवळजवळ २०,००० पायदळ कापले गेले आणि मॅसिडोनियन पायदळातले ८० मेले. डायोडोरस भारतीय मृत १२,००० वर आणतो आणि मॅसिडोनियन पायदळाची हानी ७०० च्या वर नेतो. यातल्या कुठल्या निकालावरून दर्जा काढायचा? मी भारतीय पायदळाला साधारण दर्जा दिला आहे. ते हरायचे असेल तर जागेमुळे, घोडदळामुळे, ओल्या जमिनीमुळे हरू दे.

एक अडचण मात्र कुठल्याही नियमाने सुटत नाही. लढाई कधी सुरू झाली? बहुतेक मांडण्या दोन्ही रांगा समोरासमोर आल्यावर सुरू होतात. त्याआधी रात्रीमागून रात्री अलेक्झांडरने काठावर खोट्या हुलकावण्या देऊन पोरसाला दमवले होते, क्रेटरसला मुख्य छावणीत ठेवून त्याची नजर तिथे बांधली होती आणि दीडशे स्टेडिया, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर वर जाऊन नदी ओलांडली होती. क्रेटरस नदी ओलांडेल म्हणून पोरसाला काही हत्ती आणि सैन्य मागे ठेवावे लागले. त्याचा मुलगा पहिल्या चकमकीत आधीच मारला गेला होता. एवढे झाल्यावर पोरसाच्या बाजूने बसणाऱ्याला समान संधी देणे हा इतिहासाशी अन्याय, आणि न देणे हा खेळाशी. म्हणून मी टेबल दोन केली आहेत. पहिल्यावर नुसती नदी, दोन काठ आणि झाकलेल्या चिठ्ठ्या. पोरसाने कुठल्या घाटावर किती माणसे ठेवायची ते समोरचे न बघता ठरवायचे. पहिल्या टेबलावर जे उरेल तेच दुसऱ्यावर मांडायचे, हत्ती ८५ असोत की त्याहून कमी.