दोन छतांखाली : बरोक, रोकोको आणि पाहणाऱ्याची जागा

'बरोक' ही संज्ञा मराठी समीक्षेत फारशी येत नाही, आणि येते तेव्हा ती बहुधा अलंकारप्रचुरतेचा पर्याय म्हणून येते. एखाद्या कादंबरीची भाषा प्रतिमांनी लगडलेली असली, वाक्ये लांबत, वळसे घेत, स्वतःच्याच भाराने वाकत गेली, की तिला 'बरोक' म्हणून मोकळे व्हायचे. 'रोकोको'ची अवस्था याहून वाईट आहे. नाजूक, नटवे आणि आतून पोकळ असे काही सुचवायचे असले म्हणजे तिची आठवण होते. म्हणजे एकीत अलंकार जड आणि दुसरीत हलका, एवढाच काय तो फरक उरतो. या समजुतीत दोन्ही संज्ञांचे समीक्षात्मक मोल हरवते, असे मला वाटते. ते का, हे पाहण्यासाठी साहित्याकडे वळण्याआधी या संज्ञा जिथे घडल्या त्या चित्र-शिल्प-वास्तूंसमोर, किंबहुना त्यांच्या खाली, काही काळ उभे राहिले पाहिजे.

या संज्ञांची जन्मकथा निंदेचीच आहे, हे खरे. 'बरोक'चे मूळ बेढब मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दात बहुतेक अभ्यासक शोधतात. तर्कशास्त्रातील एका क्लिष्ट अनुमानप्रकाराच्या नावाशीही तिचा संबंध जोडला गेला आहे. 'रोकोको'च्या मागे शिंपले आणि खडक यांची सजावट दर्शवणारा फ्रेंच शब्द आहे. हाइनरिश व्योल्फलिन याने 1888 मध्ये आणि पुढे 1915 मध्ये बरोकला निंदेच्या कक्षेतून बाहेर काढले. रेषात्म आणि रंगात्म, सपाट आणि खोल, बंदिस्त आणि खुले, अनेकता आणि एकता, स्पष्टता आणि सापेक्ष स्पष्टता या त्याच्या पाच जोड्या आजही अध्यापनात वापरल्या जातात. तरीही बेनेदेत्तो क्रोचे याने 1929 मध्ये बरोकला कलेतील कुरूपतेचाच एक प्रकार मानले. रेने वेलेक याने 1946 मध्ये ही संज्ञा साहित्याभ्यासात कशी शिरली आणि कशी सैलावली याचा जो झाडा घेतला, तो आपल्याकडच्या संज्ञाप्रेमी मंडळींनी वाचण्यासारखा आहे.

व्योल्फलिनच्या जोड्या कलाकृती कशी दिसते हे सांगतात. ती पाहणाऱ्याला कुठे उभे करते, हे मात्र त्यांतून हाती लागत नाही. माझ्या मते बरोकचे मर्म तिथे आहे.

रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चचे छत घेऊ. जेझुइट संघातला दीक्षित पण पुरोहित नसलेला बंधू आंद्रेआ पोझ्झो याने 1694 मध्ये ते पूर्ण केले. छत प्रत्यक्षात अर्धनळीसारखे वक्र आहे. चित्रात मात्र चर्चच्या भिंती तशाच वर चढत जातात, त्यांवर खांब आणि कमानी उभ्या राहतात आणि वरचे आकाश उघडे पडते. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्यापासून निघालेला प्रकाशकिरण इग्नेशियसच्या हृदयावर, आणि तिथून तो चार खंडांकडे, अशी योजना असल्याचे पोझ्झोने स्वतःच स्पष्ट केले आहे. या चर्चसाठी घुमट बांधला गेला नव्हता, म्हणून त्यानेच 1685 मध्ये एका सपाट कापडावर घुमट रंगवून दिला होता. त्यातले खांब भिंतीतून पुढे आलेल्या आधारांवर तोललेले पाहून वास्तुकारांनी नाके मुरडली. ते कोसळलेच तर भरपाई द्यायला आपला एक मित्र तयार आहे, अशा अर्थाचे उत्तर पोझ्झोने आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

पण या भ्रमाहून महत्त्वाची गोष्ट जमिनीवर आहे. चर्चच्या मधल्या दालनात फरशीत एक संगमरवरी चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले की खरी वास्तू कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. चकती सोडून वेदीकडे चालू लागा. खांब कलंडू लागतात, कमानी अंगावर येतात आणि संपूर्ण स्वर्ग ढासळण्याच्या बेतात असल्यासारखा दिसतो. 1693 साली प्रसिद्ध झालेल्या यथादर्शनावरील ग्रंथात पोझ्झोने याची कृतीही दिली आहे: छताच्या खालच्या कडेशी दोऱ्यांचे जाळे ताणायचे आणि जमिनीवर ठरवलेल्या दृष्टिबिंदूतून त्याच्या चौकटी वरच्या वक्र पृष्ठावर नेऊन टाकायच्या. एवढे मोठे छत एकाच बिंदूला बांधू नये, अनेक बिंदू कल्पावेत, असा सल्ला देणारेही होते. पोझ्झोने तो मानला नाही. इतर जागांवरून दिसणारी मोडतोड त्याला दोष वाटत नव्हती. सर्व रेषा त्या एका खऱ्या बिंदूकडे, म्हणजे ईश्वराच्या वैभवाकडे जाव्यात, हाच त्याचा आग्रह होता.

इथे भ्रम आणि भ्रमाची कबुली एकाच वेळी हाती दिलेली आहेत. चकती बसवणारा कलावंत फसवणूक लपवत नाही. ती कुठून घडते हे तो दगडात लिहून ठेवतो, आणि तरीही त्या जागी उभे राहण्याचे आवाहन करतो. श्रद्धेची जागा आहे, ती एकच आहे, आणि ती सोडली तर जग वाकडे दिसते: हे विधान चित्राच्या विषयात नाही, पाहणाऱ्याच्या पायांखाली आहे. अलंकार काढून घेतला तरी ते टिकेल.

ज्यान लोरेन्झो बेर्निनी याने 1647 ते 1652 या काळात रोममध्येच सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये कॉर्नारो घराण्यासाठी घडवलेले चॅपेल हेच सूत्र वेगळ्या वाटेने मांडते. मूर्च्छित संत तेरेसा आणि बाण घेतलेला देवदूत या शिल्पसमूहाविषयी इतके लिहिले गेले आहे की बाजूच्या भिंतींकडे लक्षच जात नाही. वर दडवलेल्या खिडकीतून प्रकाश खाली येतो, सोनेरी शलाकांवरून ओघळतो. आणि दोन्ही बाजूंना नाट्यगृहाच्या सज्ज्यांसारख्या चौकटींत कॉर्नारो घराण्यातले आठ पुरुष संगमरवरात बसलेले आहेत. त्यांत चॅपेल बांधवून घेणारा कार्डिनल फेदेरिको स्वतःही आहे. कोणी वाचतो आहे, कोणी शेजाऱ्याशी बोलतो आहे, कोणी विचारात गढलेला आहे. ज्या चमत्कारासाठी ही सारी उठाठेव, त्याकडे त्यांपैकी बहुतेकांची नजरच नाही. बेर्निनीला ते सगळे सहज समूहाकडे वळवता आले असते. तसे न करता त्याने चमत्कारासोबत त्याविषयीची चर्चा, वाचन आणि बेफिकिरीही कोरली, आणि प्रत्यक्ष पाहण्याचे काम समोर उभ्या असलेल्या तुमच्या-माझ्यावर सोपवले.

आता दुसरे छत. वुर्त्सबुर्गच्या राजबिशपच्या प्रासादात बाल्थाझार नॉयमान याने बांधलेल्या भव्य जिन्यावरचे हे छत ज्योव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलो याने 1752-53 मध्ये रंगवले. मधल्या एकाही खांबाचा आधार नसलेली ती कमान 1945 च्या बॉम्बवर्षावातूनही वाचली. विषय पुन्हा चार खंड, म्हणजे साठएक वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न नव्याने सोडवलेला. तपशिलांची अदलाबदल गमतीची आहे. पोझ्झोकडे उंटावर आशिया बसला होता, त्येपोलोकडे उंट आफ्रिकेला मिळाला आणि आशियाला हत्ती. पोझ्झोच्या आफ्रिकेची मगर इथे अमेरिकेच्या मांडीखाली गेली. या खंडांचे खऱ्या भूगोलाशी नाते किती सैल होते, हे यातून कळावे.

पण मुख्य फरक पाहणाऱ्याच्या पायांशी आहे. इथे चकती नाही, जिना आहे. पहिल्या चढावर समोर अमेरिका उघडत जाते. मधल्या वळणाशी माणूस मागे वळतो आणि समोर युरोप येतो. आशिया आणि आफ्रिका दोन लांब बाजूंना हळूहळू पूर्ण होतात. कोणत्याही एका पायरीवरून सगळे छत नीट दिसत नाही, तसे ते दिसावे ही अपेक्षाही नाही. या चित्राची रचना चालणाऱ्या माणसासाठी आहे, असे स्वेतलाना अल्पर्स आणि मायकेल बॅक्झँडॉल यांनी 1994 च्या आपल्या पुस्तकात बारकाईने दाखवले आहे. युरोपच्या बाजूला राजबिशप ग्राइफेनक्लाऊचे व्यक्तिचित्र आकाशात उचलले जात आहे, खाली नॉयमान तोफेला टेकून आरामात बसला आहे, आणि एका कोपऱ्यात त्येपोलोने स्वतःलाही रंगवून घेतले आहे. आकाशात अपोलो आहे खरा, पण त्याच्यापासून निघणारा कोणताही किरण तुमच्या छातीपर्यंत येत नाही.

हा ऱ्हास आहे काय? रूढ उत्तर होकारार्थी आहे: श्रद्धा गेली, शोभा उरली. मला ते पटत नाही. रोकोकोत जी गोष्ट नाहीशी होते ती गांभीर्य नसून जागेची सक्ती होय. पाहणारा भक्ताचा पाहुणा होतो. म्युनिकजवळच्या अमालियेनबुर्गमधील आरसेमहालात ही अवस्था टोकाला जाते. फ्रान्स्वा द क्युव्हिए याने 1730 च्या दशकात घडवलेल्या त्या गोल दालनात फिक्या निळ्या भिंतींवर रुपेरी गिलाव्याची नक्षी चढत जाते, भिंत संपून छत कुठे सुरू झाले ते लपवते, आणि सभोवतीच्या आरशांत खिडकीबाहेरची बाग व आत आलेला माणूस सारखेच विखरून दिसतात. एकच खरी जागा सांगणारी सत्ता इथे गप्प आहे. या मौनाचा अर्थ स्वातंत्र्य असा करायचा की फक्त सुखासीनता, हे त्या दालनापुरते ठरत नाही. वुर्त्सबुर्गला मात्र शंका घ्यायला जागा आहे. तिथे आपण मोकळे फिरतो असे वाटते, तरी जिना शेवटी आपल्याला युरोपकडे तोंड करूनच वर नेतो, आणि बाकीचे तीन खंड आपापले हत्ती, उंट आणि मगरी घेऊन त्या वाटेच्या कडेला थांबलेले असतात. पोझ्झोची सक्ती उघड होती. त्येपोलोची सक्ती सौजन्याआड आहे. मला विचाराल तर पहिलीशी वाद घालणे सोपे.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही, कारण पोझ्झोच्या छतातला किरण ज्या दिशेला जातो तिथे आपल्याच भाषेतले एक पुराण उभे आहे. रोममध्ये जेझुइट दीक्षा घेतलेला इंग्रज थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात पोचला. त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. तेव्हा बेर्निनी किशोरवयात होता आणि पोझ्झोचा जन्मही व्हायचा होता. संघ तोच, हेतू तोच, शतकही तेच. म्हणून 'ख्रिस्तपुराण'ला बरोक म्हणण्याचा मोह होतो. त्यातल्या उपमांकडे बोट दाखवून तसे म्हणणे हे वेलेकने ज्याविषयी सावध केले तेच होईल. आपला निकष लावून पाहू: ऐकणाऱ्याची जागा कुठे आहे? 'ख्रिस्तपुराणा'त श्रोत्यांतून प्रश्न येतात आणि पाद्री त्यांना उत्तरे देतो. पण ही श्रोत्याची जागा स्टीफन्सने रोमहून आणलेली नाही. ज्ञानेश्वरीपासून ओवीबद्ध ग्रंथात श्रोता संबोधला जात आलेला आहे; त्याची विनवणी होते, त्याच्याकडे अवधान मागितले जाते. आणि हे अवधान बिंदूला बांधलेले नसते. श्रोता बसल्या जागेवरून उठला तरी ओवी कलंडत नाही. स्टीफन्सने एक शिकवण आणली आणि ती दुसऱ्याच रचनेच्या आसनावर बसवली. त्यामुळे तिचे काय झाले, हा अभ्यासाचा विषय आहे. 'बरोक' हे नाव देऊन तो मिटतो, उलगडत नाही.

असाच एक संकर जुन्या गोव्याच्या बाँ जेजूस बाझिलिकेत दगडात आणि धातूत दिसतो. फ्रान्सिस झेविअरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती 1636-37 मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचा चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने देणगी दिला. ज्योव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने फ्लॉरेन्समध्ये केलेले ते काम 1698 मध्ये, पोझ्झोच्या छतानंतर चारच वर्षांनी, गोव्यात उभारले गेले. चौथऱ्याच्या चार बाजूंना झेविअरच्या चरित्रातल्या प्रसंगांचे चार कांस्यपट आहेत. ते एका जागेवरून दिसू शकत नाहीत. पाहणाऱ्याला भोवती फिरावे लागते, आणि चांदीची पेटी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर राहते.