बेंजोचा उजवा हात

लग्नसराईत शहापूर-मुरबाडकडच्या गावात हळद असली की मांडव दिसायच्या आधी बेंजो ऐकू येतो. अमेरिकेतल्या चामडं ताणलेल्या गोल बँजोशी याचं नातं नावापुरतंच. हा म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. मूळ जपानचं. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताइशोगोतो बनवलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून घरोघरी मुलांच्या हाती आलं. हळदीत आणि वरातीत ते ढोलासमोर उभं राहिलं, तेव्हा त्याला वीज जोडावी लागली.

वीज आली आणि पेटीचं काम बदललं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. लाकडाने घुमावं अशी गरजच उरत नाही. उलट फार घुमणारी पेटी स्पीकरचा आवाज पुन्हा पकडते आणि शिटी मारू लागते. तेव्हा लाकूड हलकं घेतलं तरी चालतं, फक्त तारांच्या ताणाने वाकता कामा नये. खरी कारागिरी बटणांखालच्या धातूच्या पट्ट्या बसवण्यात आहे. तार ६० सेंटिमीटरची धरली, तर पहिला अर्धसूर सुमारे ३.४ सेंटिमीटरवर येतो आणि वरचा सा बरोबर ३० वर. पण त्या सा-च्या अलीकडची जागा जेमतेम १.८ सेंटिमीटर. एक पट्टी जराशी सरकली की तो सूर कायमचा बेसूर, वाजवणारा कितीही तयार असो. वरून पॉलिश मारलं, आरसे लावले, तरी ते झाकत नाही.

बघणाऱ्यांची नजर त्या बटणांवरच खिळते. मला मात्र बेंजोची सगळी गंमत उजव्या हातात वाटते. बटण दाबलं की सूर ठरलेला; सतारीसारखी तार खेचून मींड काढायची सोय नाही. जोर देऊन दाबलं तर सूर किंचित चढतो, एवढीच सवलत. त्यात छेडलेली तार लगेच विझू लागते. आगरी-कोळी गाण्यात ओळीच्या शेवटी गळा लांबतो, तिथे हे वाद्य काय करणार? वाजवणारा मास्टर उजव्या हातातल्या नखीचे झपाझप आघात करत तो लांब सूर भरून काढतो. गळ्यात जो ठेहराव होता, तो बेंजोवर येताना लय होऊन येतो. म्हणून तीच चाल गाताना हळवी वाटते आणि बेंजोवर तिला पाय फुटतात.

याच भागातल्या आदिवासी पाड्यांवर अखंड सुराची दुसरी युक्ती आहे. तारपा हे भोपळ्याचं फुंकवाद्य वाजवणारा गालातली हवा भोपळ्यात ढकलता ढकलता नाकाने श्वास घेतो, सूर तुटूच देत नाही. तारप्यात खंड नाही. बेंजोत खंडच खंड, पण इतके जवळ की कानाला ते दिसू नयेत.

बेंजोला गोंगाट म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. इको वाढवून ठेवला की आघातावर आघात चढतो आणि हाताची सगळी सफाई चिखलात जाते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. हळदीला तो आठवत नाही, हेही खरं. पण दोष आवाजाच्या बटणाचा, वाद्याचा नव्हे.

आता अनेक बेंजो पार्ट्यांत शेजारी की-बोर्डही असतो. त्यावर बोट ठेवलं की सूर हवा तेवढा टिकतो, कष्ट शून्य. तरी नाच रंगात आला की चाल बेंजोकडेच येते. नुसत्या टिकून राहिलेल्या सुरावर पाऊल कधी टाकायचं ते कळत नाही. नखीच्या प्रत्येक आघातावर कळतं.