जमाव आणि कॅमेरा : सोमनाथ वाघमारे यांचे अनुबोधपट

दलित साहित्याच्या समीक्षेत स्वानुभव हे मूल्य रुजले. अनुबोधपटाला मात्र ते जसेच्या तसे लावता येत नाही. लेखक आपले भोगणे शब्दांत मांडतो, कॅमेऱ्यासमोर बहुधा दुसरेच कोणी असते. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो कॅमेरा कोठे उभा आहे, हा.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून साकारला. त्याचे उगमस्थान मृत्यूत आहे : ११ जुलै १९९७ चा रमाबाई नगरातील गोळीबार आणि त्यानंतरची शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या. दलित जीवन पडद्यावर यावे ते अत्याचाराच्या निमित्ताने, ही चौकट या थोर कृतीलाही पूर्णपणे ओलांडता आलेली नाही. (शाहिरांची गाणी ती ठिकठिकाणी मोडतात, हेही खरे.) सांगली जिल्ह्यातून आलेल्या वाघमारे यांच्या भीमा कोरेगाववरील अनुबोधपटात (२०१७) आणि ‘चैत्यभूमी’त केंद्रस्थानी आहे तो जमाव. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर वा शेगाव स्थानकावरून ६ डिसेंबरसाठी दादरला निघणारा माणूस वर्तमानपत्रांत बहुधा ‘गर्दी’ म्हणूनच उरतो. येथे तो विषय होतो.

अमेरिकन कृष्णवर्णीय अनुबोधपटकार विल्यम ग्रीव्ह्ज यांची वाट येथे आठवते. साचेबंद भूमिकांना कंटाळून अभिनय सोडलेले ग्रीव्ह्ज १९५२ मध्ये कॅनडात गेले व तेथे अनुबोधपटाचे तंत्र शिकले. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या आग्रहामुळे ‘ब्लॅक जर्नल’ या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाची सूत्रे त्यांच्या हाती आली. मार्च १९७२ मधील गॅरी येथील कृष्णवर्णीयांचे राजकीय अधिवेशन त्यांनी ‘नेशनटाइम’मध्ये टिपले; त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. ‘नेशनटाइम’चे पूर्ण रूप मात्र कित्येक दशके दृष्टीआड राहिले, ते २०२० मध्ये पुन्हा उजेडात आले. जमावाचे चित्र जपून ठेवणे हेच एक राजकीय कृत्य ठरते ते अशा वेळी.

कोरेगावच्या बाबतीत ते काळानेच सिद्ध केले. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर हे स्थळ वृत्तवाहिन्यांवर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न बनले. त्याआधीच पूर्ण झालेला हा अनुबोधपट आता त्या स्थळाचे पूर्वरूप राखणारा पुरावा म्हणून वाचावा लागतो. दिग्दर्शकाला हा अर्थ अभिप्रेत असणे शक्यच नव्हते.

तरीही जमावाची नोंद आणि जमावाची चिकित्सा ही कामे भिन्न आहेत. वाघमारे यांचा कल पहिल्याकडे अधिक; श्रद्धेशी वाद घालणे ते बहुधा टाळतात. या दृष्टीने त्यांनी हाती घेतलेला ‘गेल अँड भारत’ लक्षणीय आहे. गेल ऑम्व्हेट आणि भारत पाटणकर यांच्या निमित्ताने त्यांचा कॅमेरा मेळाव्यातून कासेगावच्या एका घरात शिरतो, जेथे विचार आणि संसार एकाच छताखाली नांदले.