सातबारा, कर्जमाफी आणि डेटाचं धोरण

आजचा विषय आहे मोठ्या संस्थेतलं डेटा धोरण. या विषयावरची बहुतेक सादरीकरणं सॉफ्टवेअरपासून सुरू होतात: कुठला प्लॅटफॉर्म, कुठला डॅशबोर्ड, किती सर्व्हर. आमचं म्हणणं असं की हे प्रश्न शेवटचे आहेत. पहिले प्रश्न तीन. ही नोंद मुळात कशासाठी ठेवली होती? आज ती कशासाठी वापरली जाते? आणि चुकली तर दुरुस्त कोण करणार? हे तीन प्रश्न आपण महाराष्ट्र शासनाच्या कामाला लावून बघू, कारण इतकी मोठी, इतकी जुनी आणि इतक्या लोकांच्या पोटाशी बांधलेली नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

सातबारा म्हणजे काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे, तर बारामध्ये पीक कोणतं. ही व्यवस्था उभी राहिली शेतसारा वसूल करायला. सरकारला जाणून घ्यायचं होतं की पैसे कुणाकडे मागायचे. आज मात्र याच कागदावर पीककर्ज मिळतं, विमा मिळतो, अनुदान मिळतं, भूसंपादनाचा मोबदला ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे ही मालकीची हमी नाही, गृहीतक आहे. पण बँकेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार? त्याच्यासाठी नाव आहे तर कर्ज आहे, नाव नाही तर काही नाही.

आता संगणकीकरणाकडे या. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावरून माहिती भरली गेली, त्यात चुका झाल्या, मग हस्तलिखिताशी ताडून त्या सुधारायचं मोठं काम तलाठ्यांनी केलं. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला. हे यश खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरायचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना विचारा.

पण टीका इथेच सुरू होते. संगणकातली नोंद कागदाशी जुळली, याचा अर्थ ती जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी जुळली असा होत नाही. वडील गेले, वारस नोंद झालीच नाही. झाली तर भावांची नावं लागली आणि बहिणींची राहिली. असा कागद असेल, तर संगणक ती चूक इमानेइतबारे जपतो, वर डिजिटल स्वाक्षरीही देतो. चूक जास्त विश्वासार्ह दिसायला लागते, हा खरा धोका.

मग दुरुस्ती? लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. म्हणजे नोंद बघायला एक क्लिक आणि सुधारायला तालुक्याच्या खेपा. आमच्या मते कुठल्याही डेटा धोरणाची परीक्षा या अंतरावर घ्यावी. वाचण्याची वाट आणि दुरुस्तीची वाट यात जितकं अंतर, तितकं ते धोरण अपुरं.

गंमत बघा, या सगळ्यात सगळ्यात शहाणं पाऊल तंत्रज्ञानाचं नव्हतंच. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. सातबारा लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि हरकती घ्यायच्या. ज्याची नोंद आहे तोच तिचा तपासनीस! सल्लागार कंपन्या ज्याला डेटाची गुणवत्ता म्हणतात, ते काम चावडीवर झालं. आमची तक्रार एवढीच की अशी गोष्ट मोहीम म्हणून होते आणि संपते. ती कायमची सवय व्हायला हवी.

दुसरं उदाहरण कर्जमाफीचं. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंतची माफी होती आणि निकष होता कुटुंब: पती, पत्नी, अज्ञान मुलं. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे होते. आता विचार करा, बँकेकडे माहिती असते ती खात्याची. कुटुंबाची नोंद बँक ठेवतच नाही. म्हणजे निर्णयाचं एकक एक आणि डेटाचं एकक दुसरं. याद्यांचा घोळ झाला, माफी रखडली, आणि खापर फुटलं ते संगणक प्रणालीवर. प्रणालीत दोष असतीलही, पण मूळ गाठ निकष लिहिताना पडली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ही गाठ सोडवली. निकष वैयक्तिक शेतकरी, माहिती बँकेकडून, अर्ज नाही. शेतकऱ्यानं यादीत नाव बघायचं, आधार प्रमाणीकरण करायचं आणि रक्कम मान्य नसेल तर तिथेच तक्रार नोंदवायची. काम सुटसुटीत झालं. पण इथंही टाळ्या जपूनच वाजवू या. दोन लाखांच्या वर थकबाकी असलेले त्या यादीबाहेर राहिले. वर्तुळ लहान काढलं की आतली माहिती स्वच्छ दिसते. म्हणून कुठल्याही अहवालात ‘अचूकता’ वाचली की आपण विचारलं पाहिजे, बाहेर कोण उरलं?

तेव्हा एखाद्या मोठ्या कंपनीत, बँकेत किंवा महापालिकेत धोरण लिहायला बसाल, तर एवढं करा. एक निर्णय निवडा. त्या निर्णयाचं एकक आणि तुमच्या नोंदीचं एकक एकच आहे का, ते तपासा. प्रत्येक नोंदीला एक जबाबदार माणूस द्या, समिती नको. आणि ज्याच्याबद्दल नोंद आहे त्याला ती वाचता यावी, हरकत घेता यावी, आणि हरकतीचं उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळावं. प्लॅटफॉर्म कुठला घ्यायचा, ते यानंतर ठरवा. तोवर ते बरंचसं ठरलेलंच असेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.