'सामना'तील अभिनेत्यांची घडण : एक पुनर्विचार

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' (१९७४) हा मराठीतील राजकीय चित्रपटाचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. विजय तेंडुलकरांचे लेखन, रामदास फुटाणे यांची निर्मिती, १९७५ च्या बर्लिन महोत्सवातील स्पर्धेत झालेला समावेश या बाबींची नोंद वारंवार झालेली आहे. साखर कारखान्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या ग्रामीण सत्तेचे चित्रण या अंगानेही त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. अभिनयाचा विषय निघाला, की मात्र आपली समीक्षा एका ठरावीक विधानापाशी थांबते : डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय अभ्यासपूर्ण आणि निळू फुले यांचा उपजत. या विभागणीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वरवर ती दोन नटांची तुलना वाटते. परंतु कोणत्या शिक्षणाला शिक्षण म्हणावयाचे, याविषयीचा एक जुना पूर्वग्रह तिच्यात दडलेला आहे.

लागू यांची घडण सर्वपरिचित आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण, प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमधील उमेदवारी, कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि पुढे टांझानियात केलेला व्यवसाय, १९६९ मध्ये तो सोडून पूर्णवेळ रंगभूमीचा स्वीकार आणि १९७० मधील 'नटसम्राट'. घशाचा डॉक्टर आणि कमावलेला आवाज यांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो फारसा फलदायी नाही. आवाज घडला तो तालमीत.

निळू फुले यांच्याविषयी असे लिहिताना आपली लेखणी अडखळते. कारण त्यांच्या तालमीला आपण तालीम म्हणत नाही. ते पुण्याचे. तरुणपणी तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरीस होते. ('सामना'च्या दिग्दर्शकासह या संचातील तिघे डॉक्टर, चौथ्याचाही वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंध होता, पण तो बागेपुरता. ही गंमत येथे नोंदवून ठेवतो.) राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पुढे शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि त्यातूनच 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) हा पहिला चित्रपट आला. वगनाट्यात नटाला संहितेचा सांगाडा मिळतो. प्रेक्षक कोणत्या गावचा आहे, आज कोणत्या विषयावर हसेल, कोठे गप्प होईल, याचा अंदाज घेत बतावणी दर प्रयोगात नव्याने उभी करावी लागते. शब्द किती उशिरा टाकला म्हणजे तो अचूक पडतो, याचे ज्ञान तेथे शेकडो प्रयोगांच्या श्रमातून मिळते. या श्रमाला 'उपजत' म्हणणे हा गौरव वाटतो खरा, पण त्यात श्रमाची नोंदच पुसली जाते.

येथे आणखी एक तपशील लक्षात घ्यावयास हवा. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये शीर्षकभूमिका निळू फुले यांनी केली होती. तर तेंडुलकरांचेच 'गिधाडे' लागूंनी १९७० मध्ये दिग्दर्शित केले व त्यात भूमिकाही केली. म्हणजे हे दोघेही 'सामना'कडे आले ते तेंडुलकरांच्या वादग्रस्त नाटकांमधून. एक लोकनाट्याचा व दुसरा आधुनिक रंगभूमीचा प्रतिनिधी, ही मांडणी एवढ्यानेच डळमळीत होते.

चित्रपटात याचा प्रत्यय पदोपदी येतो. लागूंचा मास्तर हा दारूत बुडालेला, कोठूनसा गावात येऊन पडलेला माणूस. 'पिंजरा' (१९७२) मधील अधःपतित मास्तर प्रेक्षकांच्या स्मरणात ताजा होता आणि लागूंनी त्या स्मरणाचा उपयोग करून घेतला आहे. या मास्तरला आश्रय देणारा हिंदुराव धोंडे पाटील रंगवताना निळू फुले आवाज फारसा चढवत नाहीत. सत्ता ज्याची आहे त्याला ओरडण्याची गरज नसते, ही जाण त्यांच्या संथ बोलण्यात आहे. पाहुण्याला खाऊपिऊ घालण्याच्या अगत्यात पाळत मिसळलेली आहे; हसण्यात हिशेब आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न मास्तर पुनःपुन्हा विचारू लागतो तेव्हा हिंदुरावाच्या मुद्रेवर प्रथम करमणूक, मग कंटाळा आणि बऱ्याच उशिरा भीती दिसते. हा क्रम उपजत असू शकत नाही. आयुष्यभर समाजवादी चळवळीशी नाते राखणाऱ्या, पुण्यात वाढलेल्या नटाने ग्रामीण पुढाऱ्याकडे बाहेरून, चिकित्सकपणे पाहिले आहे. त्यामुळेच हे पात्र इतके नेमके झाले.

माझ्या मते निर्णायक पुरावा 'सिंहासन' (१९७९) पुरवतो. त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच पटकथाकाराने तेथे दोघांच्या जागा जवळजवळ उलटवल्या. लागू सत्ताकांक्षी मंत्री झाले आणि निळू फुले मुंबईचा पत्रकार दिगू टिपणीस. दिगूचा थकवा, त्याचे मूक साक्षीपण आणि अखेरचे वेडसर हसू पाहिल्यावर इरसाल पाटील हीच त्यांची मर्यादा होती, असे कोण म्हणेल? तरीही पुढे मराठी चित्रपटाने त्यांना बहुधा पाटीलच दिला. हा दोष नटाच्या आवाक्याचा नसून निर्मात्यांच्या, आणि काही अंशी समीक्षकांच्याही, कल्पनाशक्तीचा आहे.

अन्य भूमिकांपैकी स्मिता पाटील यांची भूमिका छोटी आहे. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी ही तरुणी येथे चित्रपटक्षेत्रात नुकती पाऊल टाकत होती. तिच्याही पूर्वायुष्यात सेवा दल आहे, हे विसरता कामा नये. कलापथकांनी मराठी अभिनयाला काय दिले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

डॉ. मोहन आगाशे यांचा मारुती कांबळे मात्र अधिक विचार करावयास लावतो. व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ असलेले आगाशे १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस म्हणून गाजले होते. तेथे इतरांना प्यादे बनवणारा नट येथे सत्तेने नाहीसा केलेला सामान्य माणूस होतो. आगाशे यांनी तो प्रामाणिकपणे उभा केला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु ज्याच्याविषयी संपूर्ण चित्रपट प्रश्न विचारतो, तो मुख्यतः इतरांच्या बोलण्यातच राहतो आणि त्याच्या जगातून आलेला आवाज या नटसंचाच्या अग्रभागी नाही. १९७४ मधील पुणेरी प्रायोगिक रंगभूमीच्या वर्तुळातून उभ्या राहिलेल्या चित्रपटात हे अनपेक्षित नव्हते. चाळीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये पुन्हा एक कांबळे आला. या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला लोकशाहीर नारायण कांबळे. ती भूमिका नागपूरच्या आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. १३ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक श्रद्धांजलीपर लेखांत त्यांचा उल्लेख नट म्हणून प्रथम आणि कार्यकर्ता म्हणून नंतर होता.