स्पोकन ट्यूटोरियल: नक्कल जमली, पुढे काय?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलची पद्धत सोपी: एका बाजूला साधारण १० मिनिटांचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपण तेच टाईप करायचं. महाड एमआयडीसीत शिफ्ट सांभाळून पायथन शिकणाऱ्याला हे सोयीचं. क्लासची वेळ गाठायला नको, पाठ डाऊनलोडही होतो.

पण नकलेत डेटा नीटनेटकाच मिळतो. सांडपाण्याच्या सीओडीच्या तीन नोंदी घ्या: २४०, ३०० आणि एक रिकामी. सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. रिकामी वगळली तर सरासरी २७०. शून्य धरली तर १८०. प्रोग्राम दोन्ही वेळा बिनतक्रार चालतो, निष्कर्ष मात्र उलटा! संशोधनात धोका इथेच आहे. म्हणून प्रत्येक पाठानंतर एक नोंद मुद्दाम खोडा, उत्तर आधी वहीत काढा, मगच प्रोग्राम चालवा.